साडेसातला लागतो

सकाळी 6:50
डिसेंबरात बालाघाटाच्या डोंगरावर सकाळची थंडी अंगात शिरते. धारूरच्या स्टँडवर ताई उतरतात. तिकीट अर्धं. 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीत निम्मं भाडं झालं, तेव्हापासून त्यांनी काळीपिवळी सोडली. दिवसाकाठी तीस-चाळीस रुपये वाचतात. त्यात पोरांचा चहा निघतो.

पिशवीत हाताच्या पंजाएवढा रेकॉर्डर, कॉलरला लावायचे दोन माईक, पेन्सिल सेलची पाकिटं, इअरफोन आणि डबा. ताईंचं वय अठ्ठावीस, शिक्षण बीए. आई-वडिलांची उमेद ऊसतोडीत गेली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हा हिशोब त्यांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. आता त्या तोडीला गेलेल्या माणसांसाठी इंटरनेटवर रेडिओ चालवतात. म्हणजे चालवणारी पोरं तयार करतात. मानधन महिन्याला चौदा हजार. ते दोन-दोन महिन्यांनी एकदम येतं.

बरोबर फिरायला त्यांची हरकत नव्हती. अट एकच: नावं छापायची नाहीत. "ह्या पोरांचे आई-बाप मुकादमाच्या हाताखाली हाईत," एवढंच कारण दिलं.

सकाळी 7:20
रेडिओचा गाळा पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान. भाडं अडीच हजार, लाईटबिल वेगळं. आत दोन टेबलं, जुना लॅपटॉप, चार चॅनेलचा छोटा मिक्सर, दोन माईक. भिंतींवर वाकळा टांगलेल्या. जुन्या लुगड्यांच्या, जाड टाक्यांच्या, घरोघर मागून आणलेल्या.

पहिल्या बॅचच्या पोरांनी कुठंतरी बघून अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. ताईंनी त्यांना मधोमध उभं करून टाळी वाजवायला सांगितली. खोली घुमली. मग वाकळा लावल्या, परत टाळी. फरक कानाला कळला. ट्रे अजून कोपऱ्यात पडून आहेत. अशा गोष्टी तोंडी शिकवून पटत नाहीत.

पंखा रेकॉर्डिंगला बंद. उन्हाळ्यात हाल होतात.

सकाळी 8:30
पोरं येतात. सतरा ते बावीस वयाची. कोण बारावी करून घरी बसलेलं, कोण बाहेरून बीकॉम करतंय. यायची असतात सहा, आली पाच. सहावी कापूस वेचायला गेली. किलोला दहा रुपये. हात चालणारी पोरगी दिवसात चाळीस किलो वेचते. इथला भत्ता दीडशे, आणि तो हजर राहिलं तरच. ताई रजिस्टरात तिच्या नावापुढं काहीच लिहीत नाहीत. "संध्याकाळी येती ती. तवा लावू हजेरी."

पहिला तास ऐकायचा. काल चष्मेवाल्यानं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी गप्पा मारून आणल्यात. ताई मोठ्यानं लावतात. म्हातारा बोलतो, विहिरीचं पाणी कुठवर गेलं ते सांगतो. आणि दर वाक्याच्या शेपटाला चष्मेवाल्याचं "हं". "हं हं." "हो का." "हं."

"किती झाले?" ताई विचारतात.

पोरांनी वहीत उभ्या रेघा मारल्यात. नऊ मिनिटांत एकतीस.

चष्मेवाला म्हणतो, "हं म्हणलं नाही तर त्यांला वाटतंय मी ऐकतच नाही."

"मान हलव. डोळ्याकडं बघ. तुझं हं त्यांच्या शब्दावर बसलं की ते मला कापता येत नाही. तुझ्यासंगं त्यांचा शब्द जातो."

मग सराव. दोघादोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं तोंड मिटून ऐकायचं. ऐकायला सोपं वाटतं. दुसऱ्याच मिनिटाला धाकट्याला हसू फुटतं. बीकॉमवाली मात्र पाच मिनिटं टिकते. समोरचा पोरगा आपल्या मोबाईलच्या हप्त्याबद्दल बोलायला लागतो आणि सांगायचं नव्हतं तेही सांगून बसतो.

सकाळी 10:00
घाटाखालच्या गावाला निघायचं. आज धाकटा आणि बीकॉमवाली. बाकीचे लॅपटॉपवर. रिक्षाला माणशी तीस.

गावात निम्म्या दारांना कुलपं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ट्रॅक्टर भरून माणसं गेली, ती मार्च-एप्रिलला येतील. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. मागं म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं, शेरडं. एफएमचा मनोरा इथं उभा केला असता तर तो कुलपांना ऐकवला असता.

आज्जी ओट्यावर ज्वारी निवडत बसलेली. मुलगा-सून सांगलीकडं, तीन नातवंडं तिच्याजवळ. धाकटा फोनवरच रेकॉर्ड करायला लागतो. ताई फोन हातातून घेतात, एरोप्लेन मोडवर टाकतात, परत देतात. मागच्या आठवड्यात ऐन रंगात मावशीचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तिथंच तुटलं. ते परत मिळालं नाही. कॉलरचा माईक लुगड्याच्या काठाला लावायचा तर बांगड्या वाजतात, पदर घासतो. म्हणून मोठा रेकॉर्डर. वारा आहे, त्याच्या तोंडावर स्पंजची टोपी. हनुवटीपासून वीतभर खाली, जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फटका बसत नाही.

आधी परवानगी. तीही रेकॉर्डिंगवरच. "आज्जी, हे रेडिओला लावलं तर चालंल का?"

"पैसे किती देता?"

"पैसे नाहीत."

"मग चहा तरी घ्या," आज्जी म्हणते. त्याला होकार धरायचा का, असं धाकटा डोळ्यांनी विचारतो. ताई मानेनंच नाही म्हणतात. आज्जीच मग म्हणते, "लाव की. कुणाला भ्यायचंय?"

पहिला प्रश्न धाकट्यानं पाठ करून आणलेला. "आज्जी, तुम्हाला एकटं वाटतं का?"

"वाटतंय की." झालं. पुढं काही नाही.

तो घामाघूम. दुसरा प्रश्न, "मुलांची आठवण येते का?" "येती की." बीकॉमवाली त्याच्या पायाला पाय लावते आणि विचारते, "आज्जी, काल रातच्याला काय स्वैपाक केला?"

आता आज्जी सुरू. भाकरी, डाळ, थोरल्याला भात लागतो, मधला खात नाही. धाकटी नात आईच्या हातच्या चटणीशिवाय ताटाला हात लावत नाही. सून जाताना बरणी भरून कारळ्याची चटणी ठेवून गेली. ती दिवाळीनंतर पंधरा दिवसांतच तळाला गेली. "मंग म्या काय केलं, माझी चटणी कुटली अन् तिच्या बरणीत घातली. थोडी ऱ्हायली व्हती त्यात मिसळून. रोज म्हणती, आईची चटणी दे. म्या देते. अजून कळलं नाही तिला."

धाकट्याच्या तोंडून "हं" निघायला होतं. तो ओठ दाबून धरतो. आज्जी त्याच्याकडं बघते, हसते, आणि आणखी बोलते. सून कशी कुटते, आपण कशी कुटतो, मीठ कुणाचं जास्त.

सव्वीस मिनिटं होतात. शेवटी ताई सांगतात, आता अर्धा मिनिट कुणी बोलायचं नाही, रेकॉर्डर चालू राहू दे. सगळे गप्प. कोंबडी, लांबचा पंप, वारा.

"आता कामून गप बसलाव?" आज्जी विचारते. परत अर्धा मिनिट.

दुपारी 12:40
गाळ्यावर परत. मागं राहिलेल्यांनी आजच्या माहितीचा मजकूर लिहिलाय. विषय: ऊसतोड कामगारांच्या मुलांची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं, आणि ग्रामसेवकाकडून मिळणारं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र. चष्मेवाला वाचतो. "सदर योजनेंतर्गत पात्र लाभार्थ्यांनी विहित नमुन्यात..."

ताई ऐकून घेतात. "तुझी आई कुठंय आता?"

"फडात. वाळव्याकडं."

"लाव फोन. तिला सांग हे."

तो हसण्यावारी नेतो. ताई रेकॉर्डर त्याच्या समोर ठेवतात. खरंच फोन लावावा लागतो. चौथ्या रिंगला आवाज येतो, "काय रं, पैसे संपले का?"

सगळे हसतात. मग तो सांगतो. बापूचं नाव ग्रामसेवकाकडं लागलंय का ते बघायचंय, लागलं की कार्ड मिळतंय, ते कार्ड असलं की बारकीला सरकारी वसतिगृहात टाकता येतंय, फी नाही, जेवण तिथंच. आई मधेच विचारते, "पोरींचं येगळं हाय का?" तो सांगतो, वेगळं आहे. "मंग बघ की कागद." फोन बंद. एक मिनिट दहा सेकंद.

सरकारी मजकूर कचऱ्यात जातो. चष्मेवाला आपलाच आवाज ऐकून तसाच्या तसा लिहून काढतो. आईनं विचारलेला पोरींचा प्रश्न त्याच्या मूळ कागदात नव्हताच. तो आता पहिल्या ओळीत.

दुपारी 1:30
डबे. भाकरी, ठेचा, कुणाचं पिठलं. धाकटा विचारतो, आपलं एफएम कामून नाही? म्हसवडला माणदेशी तरंग आहे की, 90.4 वर.

ताई जेवता जेवता सांगतात. आधी, 2002 मध्ये, नुसत्या शिक्षणसंस्थांना परवानगी होती, 2006 पासून सामाजिक संस्थांनाही मिळाली. पण ट्रान्समीटर 100 वॅटचा, पोच दहा-पंधरा किलोमीटर, डोंगर आडवा आला की त्याहून कमी. लायसन्सला कागद आणि वाट बघणं. आणि त्यावर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावायच्या. "म्हसवडचे ऐकणारे म्हसवडच्या आसपास हाईत. आपले तीनशे किलोमीटरवर. ते फोनवरच ऐकणार."

डबा धुवायला नळाला पाणी नाही. खाली झेरॉक्सवाल्याकडून बादली येते.

दुपारी 2:15
खरी मजुरी आता. सव्वीस मिनिटांतून सात काढायची.

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जुन्या लॅपटॉपवर चालतं. पडद्यावर आज्जीचा आवाज निळ्या काट्याकुट्यांसारखा दिसतो. बीकॉमवालीनं आधी पूर्ण ऐकून वहीत वेळा टिपल्या: 4:10 स्वैपाक, 6:35 चटणी, 11:20 थोरल्याची शाळा, 19:00 गुडघे. आधी टिपायचं, मग कापायचं. जे थेट कापायला बसतात ते संध्याकाळी पाच वाजता परत पहिल्यापासून ऐकत असतात.

कट कुठं मारायचा? श्वासाच्या आधी. पुढच्या वाक्याचा श्वास पुढच्या वाक्याबरोबर राहू द्यायचा. तो उडवला तर माणूस गुदमरल्यासारखं ऐकू येतं. धाकट्यानं सुरुवातीला सगळे श्वास काढून टाकले होते, आवाज स्वच्छ करतो म्हणून. ताई त्याला परत घालायला लावतात. मधेच खोकला आला, तो काढला, तिथं भोक पडलं. नुसतं रिकामं ठेवलं तर ओट्यावरची हवा एकदम बंद पडते आणि ऐकणाऱ्याला वाटतं नेट गेलं. तिथं त्या गप्प बसलेल्या अर्ध्या मिनिटातला तुकडा चिकटवायचा. कोंबडी सोडून.

सकाळी अर्धा मिनिट कशासाठी गप्प बसवलं, ते पोरांना आत्ता कळतं.

मान आखडते. स्टुलाला पाठ नाही. एका मिनिटाच्या तयार आवाजाला नवशिक्याचा पाऊण तास जातो, कधी तास. ताई मागून बघतात, माऊसला हात लावत नाहीत. हात शिवशिवतो, ते दिसतं.

मधला गाण्याचा तुकडा हवा. सिनेमाचं गाणं लावता येत नाही. हक्क विकत घ्यावे लागतात, ते इथल्या बजेटात बसत नाही. म्हणून स्वतः रेकॉर्ड केलेल्या जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ ह्यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखावर ओव्या गोळा करवल्या, हे ताईंना माहीत आहे. ह्यांच्याकडं जमल्यात सव्वीस. त्यातल्या चार गाताना गाणारी हसते, त्याच पोरांना सगळ्यात आवडतात.

दुपारी 4:20
लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं धरते. "सेव्ह!" पाचही जण एकदम ओरडतात. सेव्ह होतं. इन्व्हर्टर आहे, पण तो साडेसातसाठी राखून ठेवायचा. सगळे खाली चहाला. दहा रुपये कप, सात कप.

चहावर वाद पेटतो. चटणी लावायची का?

धाकट्याचं म्हणणं, तीच तर गोष्ट आहे. बीकॉमवाली म्हणते, ती नात पण ऐकंल ना. शेजाऱ्याच्या फोनवर रोज लागतं त्यांच्याकडं. तिला कळलं की आईची चटणी कधीच संपली, तर उद्या पोरगी जेवणार नाही.

"आज्जीनं तर परवानगी दिली," चष्मेवाला.

"देताना तिला कुठं माहीत होतं ती काय बोलणारंय?" बीकॉमवाली.

ताई निकाल देत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा चटणीचं काय. पण परवानगीचा फॉर्म कितीही चांगला केला तरी ह्या प्रश्नाचा रकाना त्यात नसतो. शेजाऱ्याच्या फोनवर आज्जीला बोलावलं जातं. धाकटा विचारतो. पलीकडून लगेच उत्तर, "ती सातलाच झोपती. लावा."

फोन ठेवल्यावर बीकॉमवाली म्हणते, मग व्हॉट्सॲपच्या फाईलमधून चटणी काढू. ती दिवसा पण वाजती. हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दोन फाईली करायच्या ठरतात. काम वाढलं.

संध्याकाळी 5:40
लाईट आली. कापूसवाली पण आली. बोटांना बोंडांचे ओरखडे, केसात कापसाचा तंतू. सदतीस किलो झाला. तोंडावर पाणी मारून ती मजकूर घेते. निवेदन तिचं. तिच्या आवाजात घाई नाही, म्हणून ताईंनी तिला ठेवलीय. हजेरी लागते. दीडशे.

ती कागद एकदा मनात वाचते, एकदा मोठ्यानं, आणि तिसऱ्यांदा कागद पालथा घालून बोलते. माईकपासून टीचभर अंतर. पुढं कशिद्याच्या रिंगेवर ताणलेली जुनी ओढणी, फुंकर अडवायला. मीटरचा काटा हिरव्यात. हसली की लालात जातो, म्हणून चष्मेवाला खटका धरून बसलेला.

संध्याकाळी 7:10
इन्व्हर्टर चालू, पंखा बंद. नेट ताईंच्या फोनच्या हॉटस्पॉटवर, दुसऱ्या कंपनीचं सिम धाकट्याच्या फोनात तयार. आवाज लॅपटॉपवरून भाड्याच्या सर्व्हरवर, तिथून लिंकवर. दर सेकंदाला 32 किलोबिट, मोनो. तासाला साडेचौदा एमबीच्या आत. गाणं ऐकायला हे थोडं पडतं, बोलणं मात्र स्वच्छ जातं. ऐकणारा रोजच्या पॅकमध्ये पोराशी व्हिडिओ कॉलही करणार आहे, हे धरून आकडा ठरवलाय.

साडेसातच का? पहाटे चारला उठून फडात गेलेली बाई ह्या वेळेला कोपीपुढं चूल पेटवते. हात कामात, कान मोकळे. फोन दिवसभर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज झालेला असतो. आठनंतर गाडी भरायला कधीही हाक येते.

संध्याकाळी 7:30
चष्मेवाला बोट खाली करतो. कापूसवाली बोलते. सर्व्हरच्या पानावर ऐकणाऱ्यांचा आकडा: 19. मग 34. वसतिगृहाची माहिती संपेपर्यंत 58. एका फोनभोवती किती बसलेत ते पानावर दिसत नाही.

आज्जी लागते. सात मिनिटं गाळ्यात कुणी हलत नाही. धाकटा आपल्याच कटांकडं कान लावून आहे. एक कट त्याला टोचतो, तोंड वाकडं होतं. इतर कुणाला कळत नाही.

मग फोन. इकडचं बोलणं तिकडं पोचायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून बोलणाऱ्यानं आधी रेडिओ बंद करायचा. हे रोज सांगावं लागतं. आजचा माणूस करत नाही, त्याचाच आवाज मागून घुमतो. दोनदा सांगून बंद होतो. तो विचारतो, "2024 ला टनाला 273 चे 366 झाले म्हणत्यात. आमचा मुकादम जुनाच दर धरायलाय. खरं कोणतं?"

कापूसवाली ताईंकडं बघते. ताई पाटीवर लिहितात: दर सांग. मुकादमाचं, कारखान्याचं नाव विचारू नको.

ती सांगते. त्या वर्षी जानेवारीत 34 टक्के वाढ ठरली, 366 झाले, खरं आहे. कुठल्या गटाचे, कुठल्या कारखान्याचे, ते इथं बोलू नका, कार्यक्रम संपल्यावर मेसेज करा. माणूस म्हणतो, बरं. मागून बाईचा आवाज, "इचार की उचलीचं..." आणि फोन कटतो.

जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. धाकटा पाठकोऱ्या कागदावर फरकाचे 93 गुणिले दोन करतो, मग खाली महिन्याचं. लिहून कागद ताईंकडं सरकवतो.

रात्री 8:10
कार्यक्रम संपला. पंखा चालू. व्हॉट्सॲपसाठी बारा मिनिटांची फाईल, तीन एमबीच्या आत, चटणी वगळून. ग्रुपवर जाते. वसतिगृहाच्या कागदांबद्दल नऊ मेसेज आलेत. उद्या ग्रामसेवकाला गाठायचं, तो गुरुवारीच भेटतो, कोण जाणार ह्यावरून ओढाताण. कापूसवाली म्हणते, मला उद्या पण वेचणी आहे.

तेवढ्यात सांगलीकडून आवाजी मेसेज. आज्जीची सून. मागं ट्रॅक्टरचा आवाज, चुलीत काही तडतडतंय. सगळे फोनवर वाकतात.

"आत्याला सांगा, बरणीत ओला चमचा घालू नका म्हणावं. अन् ती कारळं भाजून घालत्यात का कच्ची? भाजून घाला म्हणावं. कच्ची घातली तर पोरीला आठ दिसात कळंल."

पोरं हसून लोळतात. धाकटा म्हणतो, ताई, हे उद्या लावू.

"पोरगी जागी असली तर?" बीकॉमवाली.

"आधी सेव्ह कर," ताई म्हणतात. तो करतो. ताई वाकून पडद्यावर बघतात. फाईलचं नाव: 'न्यू 7'. "हे काय नाव झालं? तारीख टाक, गाव टाक, विषय टाक. मार्चात शोधायला बसशील तवा कोण सांगणारंय तुला न्यू सात कुणाचं ते?"

तो खोडून परत टाईप करतो. तारीख, गाव, चटणी, सून.